गुंडीसाठी बेतलेलं गवत

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणजे गंजलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझी दोन्ही पाती अजून टोकापर्यंत जुळतात आणि मिटताना 'कच्च' असा एकच स्वच्छ आवाज होतो. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या कात्रीला तो आवाज जन्मात जमणार नाही. मित्रांनो, थोडा तोरा माझ्या बोलण्यात येईल. तो गोड मानून घ्या, कारण माझी हकीकत ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, हिला तोरा शोभतो.

माझा जन्म एका लोहाराच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक भट्टी. तापवलेल्या पोलादाला ठोकून ठोकून त्याने माझी पाती घडवली, पाण्यात बुडवली, पुन्हा तापवली. मग दगडाच्या चाकावर धार काढली आणि मधोमध स्क्रू बसवला. एक मूठ अंगठ्यापुरती, दुसरी चार बोटं सामावतील एवढी मोठी. शेवटी त्याने मलमलीचा एक ओला तुकडा हवेत धरला आणि माझ्या नुसत्या टोकाने कापून पाहिला. ओली मलमल कात्रीच्या पात्यांत दुमडते, निसटते, भल्याभल्यांना दाद देत नाही. मी ती सरळ रेषेत कापली. लोहाराने मला गिऱ्हाइकांच्या फळीवर सर्वांत पुढे ठेवलं.

तिथून मला मास्तरांनी उचललं. मास्तर शिंपी होते. तेव्हा ते तरुण होते, दुकान नवं होतं आणि मशीनवरचा रंगही ओला वाटावा इतका चकचकीत होता. त्यांनी मला हातात घेतलं, दोनदा हवेत चालवलं आणि म्हणाले, "हिला कापडाशिवाय दुसरं काही दाखवायचं नाही."

तो नियम त्यांनी प्राणपणाने पाळला. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार मरते, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असतं. मास्तरांच्या मुलाला मात्र ते ठाऊक नव्हतं. लहानपणी एकदा त्याला शाळेच्या नाटकासाठी वाघाचा मुखवटा करायचा होता. दुकानात कोणी नाही असं बघून त्याने माझ्याने पुठ्ठा कापला. वाघ छान झाला, पण मास्तरांनी मुलाला असं काही फैलावर घेतलं की रंगमंचावरचा तो वाघ शेवटपर्यंत मुसमुसत होता म्हणे. मला त्याचं वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी एवढं कोणी रागावतं याचा अभिमानही वाटला.

माझी ती वर्षं फार मानाची गेली. शाळेचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, बँडवाल्यांचे लाल डगले, सगळे माझ्या पात्यांखालून गेले. मास्तर मेजावर कापड पसरत, खडूने रेघा ओढत आणि मग मला खालच्या पात्यावर टेकवून एका दमात बाहीचा गोलावा कापत. चिंधीसुद्धा वाया जात नसे. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघून खूश होई आणि मास्तरांना शाबासकी देई. मास्तर माझ्याकडे बोट दाखवत, "श्रेय हिचं," असं म्हणत आणि पुढच्या कापडाला हात घालत.

पुढे दिवस पालटले. लोक तयार कपडे घेऊ लागले. त्याचं मास्तरांना फारसं वाटलं नसतं, कारण जुनी गिऱ्हाइकं टिकून होती. पण त्यांच्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग चांगला दिसण्यासारखा. एके दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कोटाची पाठ कापताना रेघ सुटली आणि भारी कापड वाया गेलं. मास्तरांनी तसलंच नवं कापड आणून कोट शिवून दिला. त्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं. मला तेलाचा हात लावला, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मुलाच्या घरी, आपल्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

मित्रांनो, खणातला अंधार वाईट नसतो. वाईट असतं ते बाहेरचं सगळं ऐकू येणं. मास्तर खुर्चीत बसून राहत. सून चहा आणून ठेवी, तो गार होई. हात थरथरतो म्हणून ते चारचौघांत कप उचलायचेही टाळत. त्यांची नात, टिल्ली, शाळेतून आली की तेवढा वेळ खोलीत जीव येई. ती अंगाने लहानखुरी म्हणून टिल्ली, जीभ मात्र चांगली लांब.

एक दिवस ही टिल्ली एक मोठी पारदर्शक पेटी घेऊन आजोबांच्या खोलीत आली. समोरच्या घरात राहणाऱ्या परिचारिकाताईंची बदली झाली होती. त्यांच्याकडे एक हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, होती; ती त्यांनी टिल्लीला दिली. मुठीत मावेल एवढी, तपकिरी, पाठीवर गडद पट्टा आणि डोळे असे की कोणी दोन काळ्या गुंड्या शिवल्यात. मास्तर तिला पाहून पुष्कळ दिवसांनी हसले. त्यांनीच तिचं नाव ठेवलं, गुंडी. तिला दिवसा झोप लागते, गडबड सोसत नाही, म्हणून पेटी मास्तरांच्या शांत खोलीत, माझ्याच टेबलावर ठेवायचं ठरलं.

परिचारिकाताईंनी जाताना दाणे दिले होते आणि वाळलेल्या गवताची एक पिशवीही दिली होती. गुंडी त्या गवताचं काय काय करी ते मी ऐकत असे. ते थोडं कुरतडी, पण जास्त करून गालात कोंबून कोपऱ्यातल्या लाकडी घरकुलात ओढून नेई आणि त्याचं घरटं करी. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत आतून पिशव्या असतात. त्या भरल्या की तिचं डोकं अंगापेक्षा मोठं दिसे. टिल्ली म्हणे, आजोबा, बघा, बाजार करून आली.

हळूहळू ती पिशवी संपली. टिल्लीला काळजी पडली. नेमकी त्याच सुमाराला घरात काचेच्या भांड्यांची एक पेटी आली होती आणि ती भांडी पेंढ्यात बांधलेली होती. टिल्लीला वाटलं, गवत ते गवत. तिने मूठभर पेंढा गुंडीच्या पेटीत घातला आणि गुंडीनेही लगेच तो गालात भरायला सुरुवात केली.

पण पेंढा आणि गवत यांत फरक असतो. पेंढ्याच्या काड्या पोकळ, ताठ आणि टोकाला सुईसारख्या असतात. थोड्याच दिवसांत गुंडीचा एक गाल सुजला. टिल्लीला आधी वाटलं, त्यात दाणे भरलेत. पण गाल रिकामा होईना. मग गुंडी दाण्यांना तोंड लावेना आणि घरकुलाबाहेर येईना. टिल्लीचा बाबा कामावर गेला होता. टिल्ली आजोबांसमोर येऊन नुसती उभी राहिली. मास्तर खुर्चीतून उठले, चपला चढवल्या, पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दोघं प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. कित्येक दिवसांत मास्तर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

दवाखान्यात मी नव्हते. परत आल्यावर मास्तरांनी सुनेला जे सांगितलं, ते मी खणातून ऐकलं. पेंढ्याची एक काडी गालाच्या पिशवीत आतून रुतली होती आणि तिथे पू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी ती काढली, जखम धुतली, औषध दिलं. एवढासा जीव, खाणं सुटलेलं. आता तिने खायला सुरुवात केली तरच निभावेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. टिल्ली रडली नाही. तिने पेटी डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली आणि म्हणाली, हिला तुम्हीच ठेवून घ्या, माझ्यामुळे हिला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची समजूत घातली नाही की पाठीवर हातही फिरवला नाही. त्यांनी पेटीकडे बघत विचारलं, "पेंढा का घालायचा नाही, हे आज कोणाला कळलं?"

"मला," टिल्ली म्हणाली.

"मग ज्याला कळलं त्याच्याकडेच ती राहू दे. दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसू का मी?"

त्यांनी मूठभर चांगलं गवत कागदात बांधून दिलं आणि ते कसं द्यायचं तेही सांगितलं. गवत मऊ, हिरवट आणि कोरडं असावं. धूळ असेल तर झटकून घ्यावं, नाहीतर त्या इवल्या नाकांना त्रास होतो. जाड, टोचऱ्या काड्या वेचून काढाव्यात. आणि हॅमस्टर म्हणजे ससा नव्हे. गवत तिच्यासाठी चघळायला, दडायला आणि घरटं करायला, तिचं मुख्य जेवण दाण्यांचंच.

घरी आल्यावर टिल्लीने माझ्या टेबलावर ते गवत पसरलं आणि स्वयंपाकघरातली कात्री आणली. जाड काड्या कापून बाजूला काढू लागली. मी खणात तो आवाज ऐकत होते. कात्री गवत कापत नव्हती, चावत होती. काड्या चिरडत होत्या, फाटत होत्या आणि त्यांची नवी अणकुचीदार टोकं तयार होत होती. टिल्लीने कात्री खाली ठेवली. मास्तरांनी ते पाहिलं. मग खण उघडला.

फ्लॅनेल उलगडलं तेव्हा उजेडाने माझी पाती चमकली. मला वाटलं, आज कोणाचा तरी कोट बेतायचा आहे. पाहते तो समोर गवत. खरं सांगते, माझ्या पोलादी अंगावर शहारा आला. ज्या कात्रीने कागदाला शिवायचं नाही, तिने गवत कापायचं? पण मास्तरांच्या बोटांनी मला ओळखीच्या जागी धरलं. त्यांनी पात्यांवरचं तेल स्वच्छ पुसलं, कापडाचा पोत बघावा तसं गवत चिमटीत फिरवलं, एक जाड काडी शोधली आणि मला चालवलं.

कच्च.

त्यांचा हात थरथरत होता. मीही त्यांच्याबरोबर थरथरले. पण मित्रांनो, गवताला खडूची रेघ नसते. गवताचं पातं बोटभर कापलं काय नि त्याहून जरा लांब कापलं काय, गुंडी थोडीच टेप लावून बघणार होती? मास्तरांच्या हे दुसऱ्या-तिसऱ्या कापाला ध्यानात आलं. त्यांचे खांदे सैल झाले. ते एकेक काडी निरखत होते, टणक भाग छाटत होते आणि मऊ पाती वेगळी ठेवत होते. टिल्ली ती पाती हाताच्या पाठीवर घासून बघे. टोचलं तर परत देई. आजोबा-नातीचं ते काम दिवेलागणीपर्यंत चाललं.

तेवढ्यात टिल्लीचा बाबा कामावरून आला. दारातच थबकला. बाप आणि बापाच्या हातातली मी, समोर गवत. तो अगदी सावकाश म्हणाला, "बाबा, माझा वाघ आठवतो का तुम्हाला?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "आठवतो," ते म्हणाले. "चांगला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं तुला."

मुलगा आत आला, कोट काढून खुंटीला लावला आणि खाली बसून जाड काड्या वेचू लागला. त्या संध्याकाळी सुनेने आणलेला चहा तिघांनी गरम असताना प्यायला. मास्तरांनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि थोडा सांडला. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही, त्यांनाही नाही.

मऊ गवताचा झुबका पेटीत ठेवला, तरी गुंडी बाहेर आली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. टिल्ली औषधाचे थेंब देई आणि पेटीपासून दूर, भिंतीला टेकून बसे. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना खुसखुस ऐकू आली. घरकुलाच्या दारातून आधी नाक आलं, मग सुजलेला गाल. गुंडीने एक पातं दातात धरलं, दोन्ही पंजांत फिरवलं, त्याचं टोक कुरतडलं आणि ते गालात न घालता तोंडात आडवं धरून आत नेलं. मग दुसरं नेलं. मग तिसरं. घरटं झाल्यावर तिने वाटीतला भिजवलेला दाणा उचलला. टिल्लीने आजोबांचा हात घट्ट धरला होता. मी टेबलावर, अगदी जवळ होते. मी सारं पाहिलं.

गवतामुळे ती बरी झाली, असं मी म्हणणार नाही. ते श्रेय डॉक्टरीणबाईंच्या औषधाचं. पण आजारातून उठलेल्या जिवाला मऊ अंथरूण लागतं आणि ते माझ्या पात्यांनी बेतलेलं होतं. वकिलांच्या कोटांचा मला अभिमान आहे. पण त्या घरट्याचा कांकणभर जास्तच आहे.

यानंतर मास्तरांनी खुर्ची सोडली म्हटलं तरी चालेल. दिलेलं गवत संपण्याआधी घरीच गवत पिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. रस्त्याकडेचं गवत धुराचं आणि धुळीचं, बागेतल्या गवतावर औषध मारलेलं, म्हणून ते दोन्ही नको. रोपवाटिकेतून गवताचं बी आलं, गच्चीवर लाकडी खोक्यांत माती भरली गेली. एका छोट्या खोक्यात टिल्लीने गहू पेरले. त्यांची कोवळी हिरवी पाती लवकर हाती आली. ती धुऊन, पाणी निथळून, गुंडीला अगदी चिमूटभर द्यायची आणि कोमेजली की उचलून टाकायची. ताजं गवत एकदम जास्त दिलं तर हॅमस्टरचं पोट बिघडतं.

पहिल्या कापणीला मी आणि मास्तर दोघंही उतावीळ झालो होतो. उंच वाढलेलं गवत मी भराभर कापलं, आम्ही ते सावलीत पसरलं आणि पुरतं वाळण्याआधीच पिशवीत भरलं. उघडलं तर कुबट वास आणि पांढरी बुरशी. टिल्ली म्हणाली, वरवरचं चांगलं आहे, तेवढं घेऊ या. मास्तरांनी तिला जवळ बसवून सांगितलं, की बुरशी दिसते त्याहून जास्त पसरलेली असते आणि एका जिवाच्या नाकातोंडाशी जाणारी गोष्ट थोडी चांगली असून भागत नाही. सगळं गवत टाकून दिलं. पुढच्या खेपेला ते चादरीवर पातळ पसरलं, रोज खालवर केलं आणि मुठीत दाबल्यावर कुरकुर वाजेल तेव्हाच उचललं. त्याचा वास असा होता की सूनबाई जिन्यातूनच विचारत आली, हा सुगंध कसला?

मास्तर टिल्लीला माझी निगा शिकवत. ओलं गवत कापल्यावर त्याचा रस पात्यांवर राहतो, तो लगेच पुसायचा. स्क्रूला तेलाचा एकच थेंब, आणि कापणीपूर्वी फडक्याने पाती कोरडी करायची, म्हणजे गुंडीच्या गवताला तेल लागत नाही. टिल्लीचा हात माझ्या मोठ्या मुठीत आधी हरवून जाई. मग बसला. आता तर ती मला डोळे मिटून ओळखते.

गवत गरजेपेक्षा जास्त होऊ लागलं, तेव्हा मास्तरांनी दुकानातून घरी आणून ठेवलेल्या मशीनवरची धूळ झटकली. मलमलीच्या लहान लहान पिशव्या शिवल्या, हवा खेळती राहावी म्हणून. शिवण जराशी वाकडी जाई. आधीचे मास्तर असते तर त्यांनी उसवून टाकली असती. आताचे मास्तर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "धरेल ही." गवताने भरलेल्या त्या पिशव्या टिल्ली डॉक्टरीणबाईंना देऊन आली. ज्यांच्या घरी हॅमस्टर आहे, अशा लोकांना बाई तपासणीनंतर एकेक पिशवी देतात आणि पेंढा का नको, हे सांगायला कधीकधी टिल्लीलाच पुढे करतात. एका दाढीवाल्या गृहस्थांना तिने असं खडसावून सांगितलं, की त्यांनी जाताना तिला 'हो बाई' म्हटलं. सोबत गेलेल्या मास्तरांनी घरी येऊन ती नक्कल दोनदा करून दाखवली.

गुंडी म्हातारी झाली. हॅमस्टरचं आयुष्य आपल्या मानाने फार थोडं असतं आणि तिने ते पुरतं उपभोगलं. शेवटी शेवटी ती फारशी फिरत नसे, म्हणून टिल्ली तिच्यासाठी सर्वांत कोवळी पाती निवडून माझ्याने बारीक कापी आणि घरकुलाच्या दाराशीच ठेवी. एका सकाळी गुंडी घरट्यात वेटोळं करून निजली होती, ती उठली नाही. टिल्लीने तिला घरट्यासकट उचललं. तिचा बाबा आणि आजोबा, दोघंही तिच्याबरोबर गच्चीवर गेले आणि गवताच्या मोठ्या खोक्यात, मातीत खोल, तिला ठेवून आले. टिल्ली त्या दिवशी खूप रडली. रडण्यात दुःख होतं, पण अपराधीपण नव्हतं. तो फरक मला कळतो.

मला वाटलं होतं, आता पुन्हा फ्लॅनेल, पुन्हा खण. पण गवत कोणासाठी थांबत नाही. ते वाढलं, डोलू लागलं आणि दवाखान्यातल्या पिशव्या संपल्याचा निरोप आला. टिल्लीने डोळे पुसले आणि मला घेऊन वर गेली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा लहान जीव असेल, तर त्याच्यासमोर गवत ठेवण्याआधी ते आपल्या हाताच्या पाठीवर घासून बघा. टोचतंय का? नाकाशी धरा. कुबट आहे का? झटका. धूळ उडते का? तो जीव तुम्ही द्याल ते विश्वासाने गालात भरतो, त्याला नको म्हणता येत नाही. आणि घरातल्या जुन्या वस्तूला, थरथरत्या हातालाही, एकदा काम विचारून बघा. दोघांकडून अजून पुष्कळ काही होण्यासारखं असतं.

आता मला थांबायला हवं. गच्चीवरच्या गवतावरचं दव वाळलं आहे, मास्तर खुर्ची सावलीत सरकवत आहेत, आणि टिल्ली जिन्यावरून मला न्यायला येते आहे.